मीठ न जाळणारा ओव्हन: मालवणातले चौदा महिने

मागच्या नव्हे, त्याच्या आदल्या दिवाळीत हा ओव्हन घेतला. मालवणजवळ आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, किनारा चालत तीन मिनिटांवर. पाहुणे नसतात तेव्हा मी नानकटाई, केक आणि भाजलेल्या काजूच्या ऑर्डरी घेते. पाहुणे असले की त्याच ओव्हनमध्ये बांगडे. सत्तर लिटरचा, मागे पंखा आणि पंख्याभोवती गोल कॉइल असलेला, कपाटात बसवायचा प्रकार. दुकानदार सगळ्यात जास्त वेळ एकाच बटणावर बोलला. "ताई, हे दाबलं की ओव्हन आपोआप साफ." त्या बटणापायी बरेच पैसे जास्तीचे गेले, म्हणून त्या बटणाबद्दलच जास्त लिहिते.

आमच्या आईंनी (सासूबाईंनी) पहिल्याच महिन्यात मला जाळ्या घासताना पाहून विचारलं, "हो आपलो आपण साफ होता मां? मगे तू कित्याक घासतंस गो?" तेव्हा मी हसले. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता.

बटण दाबलं की दाराला कुलूप लागतं आणि आतलं तापमान साधारण ४८० अंशांपर्यंत जातं. एरवी आपण २५० च्या वर जात नाही. त्या उष्णतेत तूप, तेल, साखर जळून राख होते. दोन-अडीच तास लागतात, मग थंड व्हायला आणखी तासभर. माझ्या मीटरवर एका वेळेला साडेचार युनिटं गेली, म्हणजे खर्च फार नाही. पण ओव्हन साडेतीन किलोवॅटचा, तेव्हा साध्या प्लगवर चालत नाही. आमच्या वायरमनने बोर्डापासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी टाकून दिला. घेण्याआधी हे काम करून घ्या.

पहिल्यांदा बटण दाबलं ते जानेवारीत, ख्रिसमसच्या केकांचा हंगाम संपल्यावर. तळाला साखरेचे काळे चट्टे, मागच्या पत्र्यावर तुपाचा पिवळा चिकट थर. अर्ध्या तासात स्वयंपाकघरात असा वास पसरला की हे बाहेरून धावत आले, "काय जळतंय?" खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट चालू असूनही डोळे चुरचुरले. धाकट्याचा लव्हबर्डचा पिंजरा मी आधीच मागच्या पडवीत नेऊन ठेवला होता. पक्ष्यांना हा धूर फार लवकर बाधतो, पुस्तिकेतही तसं लिहिलेलं आहे. संध्याकाळी दार उघडलं तर तळाला चमचाभर राख, चुलीत सकाळी उरते तशी करडी, बोटाला लागताच उडणारी. ओल्या फडक्याने एक हात मारला आणि आतलं इनॅमल दुकानात होतं तसं निळसर काळं. बांगड्याचा वासही गेला. त्यानंतरच्या व्हॅनिला केकला माशाचा वास आला नाही, ही गोष्ट मी या ओव्हनच्या बाजूने कायम सांगेन.

एवढ्यावर खूष होऊन मी रोजचं पुसणं सोडलं. तिथे चुकले.

फेब्रुवारीत पाहुण्यांची गर्दी, रोज मासे. मीठ, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि तिरफळ लावलेले बांगडे जाळीवर ठेवायचे, खाली ट्रे. ट्रेच्या बाहेर थेंब उडतातच. पुढच्या वेळी बटण दाबलं आणि दार उघडलं तेव्हा राख होती, पण तिच्याखाली पांढरे खरखरीत ठिपके जसेच्या तसे. मीठ! ते जळत नाही. मीठ वितळायलाच आठशे अंश लागतात, मग ४८० ला त्याचं काय बिघडणार? तूप जाळणारं बटण मिठापुढे हात टेकतं. ते आधी साध्या कोमट पाण्याने पुसूनच काढावं लागतं. आणि आगळाचा थेंब तर त्याहून वाईट. आंबट आणि खारट दोन्ही, तापलेल्या इनॅमलवर तसाच राहिला की चमक खातो. माझ्या ओव्हनच्या तळाला उजवीकडे रुपयाएवढा मंद डाग आहे, हात फिरवला तर खडबडीत लागतो. तो कुठल्याही बटणाने जाणार नाही, कारण ती घाण नाहीच, इनॅमलच झिजलंय. तेव्हापासून बांगडे भाजले की ओव्हन कोमट असतानाच, म्हणजे हात सहज आत जाईल इतका निवल्यावर, ओलं फडकं दोनदा आणि कोरडं एकदा. पाच मिनिटांचं काम. कडक डाग असला तर वाटीभर पाणी ठेवून शंभर अंशांवर वीस मिनिटं वाफ देते, मग तो निघतो. बाजारात मिळणारे ओव्हन क्लीनरचे फवारे या इनॅमलवर मारू नका, पुस्तिकाही तेच सांगते.

तिसरी वेळ मे महिन्याच्या शेवटी. दुपारी तीनला सुरू केलं, आभाळ भरून आलं होतं ते दिसत असूनही. चारला वळीव कोसळला आणि लाईट गेली. दार बंद. कुलूप उघडतं ते छोट्या मोटरवर, आणि मोटर विजेवर. ओव्हनला गार ठेवणारा बाहेरचा पंखाही बंद पडला, त्यामुळे शेजारच्या कपाटाची लॅमिनेटची कड दोन इंच सुटली. इन्व्हर्टरवर हा ओव्हन चालत नाही, विचारूच नका. लाईट रात्री साडेनऊला आली, घड्याळ पुन्हा लावल्यावर कुलूप खट्‌ करून उघडलं. आत काय? अर्धवट जळलेली साखर डांबरासारखी तळाला चिकटलेली, आधीपेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी कणकवलीला जायची दोन किलो नानकटाई अखेर संध्याकाळच्या एसटीने गेली. आता मी हे बटण डिसेंबर ते मार्चच दाबते, तेही पहाटे, आणि आधी सगळं पुसून. पुसायचं कारण धूर आणि आगही आहे. जाड तुपाचा थर तसाच ठेवून ४८० अंशांवर नेलं तर आत पेट घेण्याची भीती असते.

जाळ्या आणि सरकत्या पट्ट्या आधी बाहेर काढायच्या, नाहीतर त्यांची चकाकी जाते आणि पट्ट्या अडकायला लागतात. मग त्या कोण घासणार? आपणच. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर मोठ्या टोपात, सकाळी सोडणाने घासल्या की लख्ख. तारेच्या घासणीपेक्षा नारळाचं सोडण बरं, ओरखडे उठत नाहीत. पण त्याच टोपात मी एकदा ॲल्युमिनियमचे केकचे डबे टाकले आणि सकाळी ते काळेकुट्ट. सोड्याला ॲल्युमिनियम चालत नाही, हे तेव्हा कळलं.

दाराच्या काचा तीन आहेत. आतल्या दोघींच्या मधे एकदा मुंग्यांची रांग दिसली, आंब्याचा रस वरच्या फटीतून गळला होता. बिजागरीच्या खिट्ट्या लावून दार उचलून काढता येतं आणि काच सरकवता येते, पण दोघांनी करा. खिट्टी न लावता दार उचललं तर स्प्रिंग बोट चेचते. दाराभोवतीची विणलेली दोरी, म्हणजे गॅस्केट, तिला घासायचं नाही, नुसतं टिपायचं. दहाची नोट दारात धरून ओढून बघते. अडली तर गॅस्केट ठीक. खालच्या डाव्या कोपऱ्यात ती आता सैल निघते.

सगळ्यात मोठा दणका आषाढानंतर बसला. पाच आठवडे ऑर्डरी नव्हत्या, ओव्हन बंद होता. श्रावणात पहिल्यांदा चालू केला आणि अख्ख्या घराची ईएलसीबी (करंट कुठे झिरपला की लाईट तोडणारा स्विच) पडली. पुन्हा वर केली, पुन्हा पडली. वायरमन म्हणाला, "वहिनी, कॉइलीन ओल धरली." कॉइलच्या नळीत तारेभोवती पांढरी पावडर ठासलेली असते, ती दमट हवेत पाणी ओढते आणि करंट बॉडीकडे झिरपतो. ईएलसीबी होती म्हणून कुणाला शॉक बसला नाही. कंपनीचा माणूस यायला नऊ दिवस लागले आणि आल्यावर पहिलं वाक्य, "तुमच्याकडे हवा खारट आहे, वॉरंटीत बघावं लागेल." बघून झालं, कॉइल तापवून सुकवली, पैसे घेतले. त्याने एक गोष्ट कामाची सांगितली: पावसाळ्यात काही भाजायचं नसलं तरी आठवड्यातून एकदा १५० अंशांवर वीस मिनिटं रिकामा चालवा. तेव्हापासून दर सोमवारी चालवते, पुन्हा ईएलसीबी पडलेली नाही. पंख्यापुढच्या पत्र्याचे स्क्रू मात्र गंजलेत. एकाचं डोकं त्याच्याच हातून झिजलं. बाकीचे स्टेनलेसचे बदलून घ्यायचे आहेत.

ओव्हन म्हणून हा उत्तम आहे. उष्णता सगळीकडे सारखी, पंख्यामुळे नेहमीपेक्षा वीस अंश कमी ठेवले तरी नानकटाई एकसारखी फुलते. पण त्या बटणाचे जास्तीचे पैसे मी पुन्हा देणार नाही. केक-बिस्किटंच करत असाल, लाईट भरवशाची असेल, तर द्या. मासे भाजणार असाल आणि घर समुद्राजवळ असेल तर साधा इनॅमलचा घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली ईएलसीबी बसवा.

माझ्याकडे बटण आहेच, तेव्हा वापरणार. ख्रिसमसची साखर तळाला साचली आहे. येत्या मंगळवारी पहाटे पाचला लावायचा विचार आहे, पिंजरा सोमवारी रात्रीच पडवीत.