जुन्या थिंकपॅडसाठी सॅमसंग ८७० ईव्हो: बदल करावा का?

थिंकपॅड टी४३० हा २०१२ सालचा लॅपटॉप लेखन-वाचनाच्या कामाला आजही पुरेसा आहे. त्याला अडवून धरते ती फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, आणि म्हणूनच त्यात सॅमसंगची ८७० ईव्हो ही ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, बसवली. खोक्यावर वाचनाचा वेग सेकंदाला ५६० एमबी असा दिलेला असतो, परंतु खरा लाभ त्या आकड्यात नाही. लॅपटॉप सुरू होताना डिस्कवर विखुरलेल्या असंख्य लहान फाइली वाचाव्या लागतात, आणि दर वेळी हार्ड डिस्कचे हेड (माहिती वाचणारा भाग) योग्य जागी सरकून तबकडी फिरून येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने ही प्रतीक्षा जवळजवळ संपते. ब्राउझर उघडताना हा फरक लगेच जाणवतो.

बसवणे सोपे आहे, कारण डिस्कच्या झाकणाला एकच स्क्रू आहे आणि ७ मिलिमीटर जाडीची ही एसएसडी त्या जागेत बसते. पाच वर्षांची किंवा डिस्कवर एकूण ३०० टीबी माहिती लिहिली जाईपर्यंतची हमी घरगुती वापरासाठी भरपूर वाटते.

तरीही प्रोसेसर जुनाच राहतो, त्यामुळे व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी हा खर्च करू नये. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अद्यतने वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही; विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली वापरण्याची तयारी असेल, तरच मी हा बदल मनापासून सुचवेन.