गाडीतली दुसरी बॅटरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो: फोर बाय फोरमध्ये दुसरी बॅटरी बसवणं मला पटलं आहे आणि ती काढणार नाही. पण पहिले काही महिने ही सिस्टिम जो त्रास देत होती, त्यात बॅटरीचा दोष नव्हता आणि चार्जरचाही नव्हता. दोन महाग वस्तू निर्दोष होत्या. घोळ सगळा त्यांच्या मधल्या स्वस्त वस्तूंमध्ये होता, म्हणजे वायर, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), फ्यूज होल्डर, सॉकेट आणि अर्थचा, म्हणजे निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणारा बोल्ट. दुसऱ्या बॅटरीवर वैतागून ती बदलायला निघालेल्यांनी पुढचं जरूर वाचावं.

गाडीत काय आहे ते थोडक्यात. बॉनेटखाली कंपनीची मूळ बॅटरी, मागे डिकीत 100 अँपियर-अवरची एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी), तिच्याजवळ 25 अँपियरचा डीसी-डीसी चार्जर, जो गाडी चालू असताना पुढून वीज घेऊन योग्य व्होल्टेजला मागची बॅटरी भरतो. मागच्या बॅटरीवर कॉम्प्रेसरचा फ्रिज, दिवे आणि फोन चार्जिंग. फिटिंग बाहेरून करून घेतलं होतं आणि वरवर पाहता काम नीटनेटकं होतं.

तक्रार अशी, की फ्रिज पहाटेच्या सुमारास लो व्होल्टेज दाखवून बंद पडायचा. सकाळी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला की 12.4 व्होल्ट. एजीएमला विश्रांतीत 12.7 ते 12.8 म्हणजे पूर्ण भरलेली आणि 12.2 च्या आसपास म्हणजे साधारण निम्मी, हा हिशेब धरला तर बॅटरीत भरपूर जीव शिल्लक होता. मग फ्रिज का रुसतो? दोन-तीन जणांनी ‘बॅटरी गेली, बदला’ असा सल्ला दिला. तो ऐकणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं होतं.

मुख्य मुद्दा हा, की फ्रिज बंद असताना मोजलेलं व्होल्टेज जवळपास काहीच सांगत नाही. करंट वाहत नसेल तर गंजलेला, अर्धवट सुटलेला सांधाही मीटरवर धडधाकट दिसतो. मोजायचं ते कॉम्प्रेसर चालू असताना, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी. तसं केल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर 12.3 आणि फ्रिजच्या प्लगवर 11.6 दिसले. माझ्या फ्रिजचं बॅटरी-संरक्षण ‘हाय’वर होतं आणि त्याची मर्यादा 11.8 च्या आसपास आहे. म्हणजे फ्रिजचं वागणं बरोबर होतं. त्याला जे मिळत होतं त्यावर तो निर्णय घेत होता.

हे 0.7 व्होल्ट जातात कुठे, ते शोधायला मीटर वेगळ्या पद्धतीने लावावा लागतो. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं फ्रिजच्या पॉझिटिव्हवर, फ्रिज चालू. मीटर थेट त्या बाजूची घट दाखवतो. माझ्याकडे ती 0.3 होती. निगेटिव्ह बाजूला तेच केलं तर 0.4. जास्त घट निगेटिव्हला निघेल असं सहसा कुणी धरत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष लाल वायरवर असतं. फ्रिजचा अर्थ बॉडीच्या एका बोल्टवर घेतला होता आणि लगखाली रंग तसाच होता. पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून गंजरोधक लावलं. घट इतकी कमी झाली की पुन्हा पुन्हा मोजून खात्री करावी लागली.

पॉझिटिव्ह बाजूचा गुन्हेगार सिगारेट लायटरचं सॉकेट. फ्रिज बराच वेळ चालल्यावर प्लग हाताला कोमट लागत असेल तर वेगळा पुरावा नको. 5 अँपियरला हे सॉकेट कसंबसं चालतं, पण खडबडीत रस्त्यावर प्लग हलतो आणि संपर्क ढिला पडतो. ते काढून टाकलं आणि लॉक होणारा दोन पिनांचा कनेक्टर घातला. तेव्हापासून फ्रिजची तक्रार नाही.

दुसरं दुखणं चार्जिंगचं, आणि ते जास्त फसवं होतं. बराच वेळ गाडी चालवूनही मागची बॅटरी भरत नव्हती. थांबून तपासलं की सगळं चालू दिसायचं. इथे थोडं गणित करावं लागेल. चार्जरवर 25 अँपियर लिहिलंय ते आउटपुट. 14.4 व्होल्टला 25 अँपियर म्हणजे 360 वॅट. कार्यक्षमता 90 टक्के धरली आणि इनपुटला 12.2 व्होल्ट मिळत असले, तर चार्जर पुढून जवळपास 33 अँपियर ओढतो. माझ्या लाइनवर 30 अँपियरचा आपोआप परत जोडला जाणारा ब्रेकर होता, तोही इंजिनाच्या कडेला, जिथे उष्णतेने तो आणखी लवकर तुटतो. गाडी चालताना तो तुटायचा, थंड झाला की जुळायचा, आणि मी बॉनेट उघडेपर्यंत साळसूद उभा असायचा.

त्यात वायर 6 चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन 10 मीटर तांब्याचा रोध सुमारे 0.029 ओहम, म्हणजे 33 अँपियरला जवळपास 1 व्होल्ट वाटेतच खर्च. शिवाय इनपुट व्होल्टेज जितकं पडतं, तितका चार्जर जास्त करंट ओढतो आणि घट आणखी वाढते. 16 चौरस मिलिमीटरची वायर टाकली तेव्हा हीच घट साधारण 0.35 व्होल्टवर आली. वायर घेताना तांब्याचं क्षेत्रफळ विचारा, कारण काही ठिकाणी इन्सुलेशनसकटचा व्यास सांगून वायर विकतात आणि आकडा मोठा वाटतो. ब्रेकर काढून तिथे बोल्टने बसणारा 50 अँपियरचा फ्यूज घातला, आणि लाइनच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या बॅटरीजवळही एक. दोन्ही टोकांना बॅटरी असल्यामुळे वायर कुठेही बॉडीला घासली तर करंट दोन्हीकडून येऊ शकतो. एकाच टोकाला फ्यूज ठेवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण त्यांच्या गाडीत मी झोपणार नाही.

डीसी-डीसी चार्जरऐवजी साधा व्होल्टेज-सेन्सिंग रिले, म्हणजे व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा-सोडणारा स्विच, घ्यावा का, असं बरेच विचारतात. जुन्या गाडीत, जिथे अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा गाडीचा जनरेटर) सतत 14 व्होल्टच्या आसपास देतो, रिले छान चालतो. स्वस्त आहे आणि बिघडायला त्यात फारसं काही नाही. नव्या गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. मूळ बॅटरी भरली की तो 12.5 पर्यंत खाली येतो आणि उतारावर पाय उचलला की 15 च्या जवळ जातो. साधारण 13.3 ला जोडणारा आणि 12.8 ला सोडणारा रिले तिथे नुसता टिकटिकत बसतो. तिथे डीसी-डीसीच हवा, आणि इंजिन चालू आहे हे त्याला कळवणारी इग्निशनची वायर जोडलेलीच हवी, नाहीतर व्होल्टेज खाली आल्यावर तो इंजिन बंद झालं असं समजून थांबतो. ही वायर इंजिन चालू असतानाच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून घ्या. नुसत्या चावीवर घेतली तर गाणी ऐकता ऐकता मूळ बॅटरी उतरेल आणि सकाळी सेल्फ मारताना नुसती टकटक ऐकू येईल.

मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा छोटा सेन्सर असेल, तर जादा अर्थ टर्मिनलवर न घेता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला घ्या. नाहीतर गाडीच्या संगणकाला बॅटरीतून गेलेल्या करंटचा हिशेब दिसतच नाही.

लिथियमकडे जावं का, यावर मी अजून थांबलो आहे. वजन कमी आणि वापरता येणारी क्षमता जास्त, हे मान्य. पण त्याचं व्होल्टेज 13.2 च्या आसपास बराच काळ सपाट राहतं, त्यामुळे वर सांगितलेला मीटरवरचा अंदाज निरुपयोगी होतो आणि शंटवाला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजून हिशेब ठेवणारा मॉनिटर घ्यावाच लागतो. शून्य अंशाखाली ते चार्जही करायचं नसतं.

नावडलेल्या गोष्टीही सांगतो. एजीएम शेवटच्या टप्प्यात करंट घेणं कमी करते, त्यामुळे निम्मी उतरलेली बॅटरी 25 अँपियरने दोन तासांत भरेल हा कागदी हिशेब आहे; रोज थोडंच गाडी चालवत असाल तर ती कधीच पूर्ण भरत नाही. चार्जरचे दिवे दिवसा उन्हात दिसत नाहीत. आणि करंट तपासायला क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून मोजणारा) घ्यायचा असेल तर तो डीसी मोजतो का ते आधी बघा, कारण बरेच स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरवर निवांत शून्य दाखवतात.