टॉवरमधला वन बीएचके की जुन्या सोसायटीतला?

मुलं परगावी, तीन बेडरूमचा फ्लॅट दोघांना झाडूनपुसून नकोसा झालेला, आणि आता लहान घर घ्यायचं ठरलंय. अशा पुणेकराला साधारण सारख्याच बजेटमध्ये दोन गोष्टी दिसतात. पुनावळे-ताथवड्याकडच्या टॉवरमधला नवा वन बीएचके, किंवा कर्वेनगर-कोथरूडच्या आतल्या गल्लीत, बिनलिफ्टच्या तीनमजली इमारतीतला जुना. सिंहगड रोडचं घर विकल्यावर आम्ही आधी टॉवरमध्ये भाड्याने राहिलो, मग जुन्यात विकत घेतलं. तेव्हा पुढचं सगळं आमच्यापुरतं आहे, असं समजून वाचा.

भाड्याने राहून बघायला वेळ मिळतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. भांडवली नफ्यावर, म्हणजे घर विकून झालेल्या फायद्यावर, कर वाचवायचा तर तयार घर विक्रीनंतर २ वर्षांच्या आत घेतलं तरी चालतं. तोवर न वापरलेला नफा मात्र रिटर्नच्या मुदतीआधी बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात टाकावा लागतो. शिवाय लहान घरात सगळा नफा मुरतोच असं नाही. उरलेला, ५० लाखांपर्यंत, ठरावीक सरकारी बाँडमध्ये ५ वर्षं अडकवता येतो. त्याला मुदत विक्रीपासून ६ महिन्यांचीच. कागद घेऊन सीएकडे जा, पण घर विकायच्या आधी जा.

टॉवरचं कौतुक करायलाच हवं. लिफ्ट, जनरेटर, गाडीला हक्काची जागा, आणि रात्री दार लोटून निर्धास्त झोपता येतं. गुडघे कुरकुरत असतील तर एवढ्यावरच निर्णय होऊ शकतो, आणि त्यात गैर काही नाही.

आमचं घोडं अडलं ते ओल्या कपड्यांवर.

हसू नका. घर लहान करताना बाकी सगळ्याची विल्हेवाट लागते. पुस्तकं वाचनालयाला देता येतात, पितळी पातेली भाचीला, शोकेस भंगारात. ओले कपडे मात्र रोज सकाळी नव्याने हजर. टॉवरमधली ड्राय बाल्कनी, म्हणजे धुणं-वाळत घालण्यासाठीची छोटी बाल्कनी, नावाला ड्राय. तिथे वॉशिंग मशीन बसलं की उरलेल्या जागेत बादली आणि एक माणूस, तोही आखडून. हॉलच्या बाल्कनीत ऊन छान यायचं, पण दर्शनी बाजूला कपडे दिसू नयेत असा सोसायटीचा नियम. एकदा कठड्यावर माझा पंचा टाकला, तर दुपारच्या आत त्याचा फोटो ग्रुपवर, पंच्याभोवती लाल गोल करून. गच्चीला कुलूप, वर सोलरची पॅनेल आणि टाक्या.

उन्हाळ्यात निभावलं. आषाढात हॉलमध्ये स्टँड उघडला की सोफा आणि टीव्हीच्या मधून आडवं होऊनच जावं लागे. चादर बेडरूमच्या दारावर, लेंगे खुर्चीच्या पाठीवर, पंखा दिवसभर पाचवर, आणि तरी घरभर तो कोंदट वास. बेल वाजली की ही आधी स्टँड ढकलत बेडरूममध्ये नेणार, मग दार उघडणार. छताला दोरीच्या दांड्या लावून घ्याव्यात म्हटलं, तर भिंतीच काय, छतही मिवानचं, म्हणजे साच्यात ओतलेलं, सगळं काँक्रीट. भोकं पाडायला हॅमर ड्रिल आणि घरमालकाची परवानगी, दोन्ही हवं. माळा नव्हताच.

कर्वेनगरच्या फ्लॅटला मागच्या बाजूला गॅलरी आहे, तिला चार तारा आणि बाहेर काढलेलं ग्रील. स्वयंपाकघरावर माळा. गच्चीची किल्ली जिन्यात खिळ्याला टांगलेली असते. एप्रिलमध्ये वर कुरडया आणि सांडगे, एरवी गाद्या. फ्लॅट दिसायला काही खास नाही, मोझेकची फरशी आहे. पण हॉल हा हॉल राहतो.

जुन्याचंही ऐकून घ्या. आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत म्हणून जिना चालतो, तिसऱ्यावर मी घेतला नसता. एजंट जुन्या फ्लॅटचा एरिया बिल्टअपमध्ये, म्हणजे भिंती धरून, सांगतात, नव्याचा रेरा कायद्याप्रमाणे कार्पेटमध्ये, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेचा. एका मापात आणल्याशिवाय भावाची तुलना करू नका. आणि रीडेव्हलपमेंट, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधणं. २०१९च्या शासन निर्णयापासून ५१ टक्के सभासदांच्या संमतीने ते होऊ शकतं. म्हणजे तुम्हाला नको असलं तरी पंच्याहत्तरीत बाडबिस्तरा उचलून भाड्याच्या घरात जायची वेळ येऊ शकते. बिल्डर भाडं देतो हे खरं, पण सामान आपल्यालाच बांधावं लागतं. घेण्याआधी सेक्रेटरीला दोन गोष्टी विचारा : कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, आणि रीडेव्हलपमेंटचा विषय सभेत कधी निघालाय का. ट्रान्स्फर फी म्हणून महापालिका हद्दीत सोसायटीला २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही, हेही माहीत असू द्या. ‘ऐच्छिक देणगी’ सुचवली जाते. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिकच.

जिना झेपत नसेल, किंवा मुलगी हिंजवडीलाच राहत असेल, तर टॉवर घ्या. मी तुमच्या जागी असतो तर कदाचित तेच केलं असतं. फक्त सॅम्पल फ्लॅटवर जाऊ नका. ज्या घरात कुणी राहतंय असं एक घर पावसाळ्यात बघा, ड्राय बाल्कनीत मशीन ठेवून किती जागा उरते ते टेपने मोजा, आणि टोकन देण्याआधी सोसायटीची नियमावली मागून घ्या.