शाळेच्या रोबोटवर केबलशिवाय कोड: आयडीईतून की ब्राउझरमधून?

शाळेच्या लॅबमधल्या रोबोटवर ईएसपी३२ हा वायफाय असलेला कंट्रोलर बोर्ड असेल, तर एक ओळ बदलली की गाडी उचलून लॅपटॉपला जोडायची गरज नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात याचं मोल जास्तच. खाऱ्या हवेने यूएसबीच्या पिना गंजतात, त्यात मुलांची रोजची काढघाल. वायफायवरून कोड टाकायचे दोन सोयीचे मार्ग आहेत आणि दोन्हींना इंटरनेट लागत नाही. लॅपटॉप व रोबोट एकाच वायफायवर असले की पुरे. पावसात नेट गेलं तरी तास चालू राहतो. बोर्ड पॅकेज आणि लायब्ररी (तयार कोडचे संच) मात्र मे महिन्यातच उतरवून ठेवा.

पहिला मार्ग आर्डुइनो-ओटीए. ओटीए म्हणजे 'ओव्हर द एअर', केबलशिवाय कोड टाकणं. ही लायब्ररी ईएसपी३२च्या पॅकेजसोबतच येते. आयडीईच्या (कोड लिहून बोर्डावर पाठवायच्या आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या) पोर्ट यादीत रोबोट नावानिशी दिसतो, नेहमीचं अपलोड बटण दाबायचं. सतत बदल करून पाहणाऱ्या मुलांना याहून सोपं काही नाही. अडतं ते नेटवर्कवर. काही राउटर जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, मग यादीत नाव येतच नाही. शिवाय इथे लॅपटॉप फक्त हाक मारतो. कोड न्यायला रोबोटच उलट लॅपटॉपशी जोडणी करतो, आणि विंडोजची फायरवॉल ती अडवू शकते. ॲडमिन पासवर्ड हाताशी नसेल, तर काम तिथेच थांबतं.

दुसरा मार्ग ब्राउझरचा. रोबोट स्वतःचं हॉटस्पॉट सुरू करतो, मुलं त्याला जोडून १९२.१६८.४.१/update या पत्त्यावरचं पान उघडतात आणि बिन फाइल (बोर्डासाठी तयार झालेला कोड) चढवतात. एलिगंट-ओटीए लायब्ररी हे पान तयारच देते. ना राउटर, ना फायरवॉलची कटकट. फाइल मोबाइलवर घेतली तर मैदानातूनही चढवता येते. दर वेळी आयडीईतून फाइल एक्स्पोर्ट करायची, एवढी पायरी वाढते. संगणक थोडे आणि गट जास्त असतील, तर माझं मत स्पष्टपणे या मार्गाला.

मार्ग कुठलाही घ्या, पहिला कोड केबलनेच जातो. त्यानंतरच्या प्रत्येक स्केचमध्येही (आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्येही) ओटीएचा भाग ठेवावाच लागतो. मुलं नेमका तोच पुसतात, किंवा लूपमध्ये (सतत फिरणाऱ्या भागात) दहा सेकंदांचा डिले, म्हणजे थांबा, टाकतात. तेवढा वेळ रोबोट प्रतिसाद देत नाही. डिलेऐवजी मिलिस (किती वेळ गेला ते सांगणारं फंक्शन) वापरायची सवय पहिल्या आठवड्यातच लावा. ४ एमबीच्या बोर्डावर मेमरीच्या नेहमीच्या विभागणीत कोडसाठी साधारण १.३ एमबीच्या दोन जागा असतात. नवा कोड रिकाम्या जागेत लिहिला जातो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुना शाबूत राहतो. 'ह्यूज ॲप' विभागणी निवडलीत तर दुसरी जागाच उरत नाही आणि ओटीए बंद पडतं.

अपलोड सुरू होताच मोटर थांबवणारा कोड आवर्जून लिहा, नाहीतर गाडी शेवटच्या वेगाने धावत राहू शकते. प्रत्येक रोबोटला वेगळं नाव आणि पासवर्ड द्या. एका खोलीत पाच गट बसले की एकाचा कोड दुसऱ्याच्या गाडीत जायला वेळ लागत नाही.

लॅबमध्ये फक्त वायफाय नसलेले साधे आर्डुइनो उनो बोर्ड असतील, तर एचसी-०५ ब्लूटूथ लावून कोड टाकता येतो. पण बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) जुळवणं आणि रीसेटसाठी वेगळी जोडणी करणं यात तास निघून जातो. तिथे चांगली केबलच बरी.