झंस्कार की कोलोराडो? पुण्याहून वाळवंटी दरीतल्या राफ्टिंगला निघण्याआधी

ताम्हिणी उतरून कोलाडला कुंडलिकेत एकदा वल्हं मारून आलं की पुढची नदी खुणावायला लागते. ऋषिकेशला बरेच जण जातात. पण ज्यांना उघड्याबोडक्या कड्यांमधून चार-पाच दिवस वाहत जायचं असतं, वाळूवर तंबू ठोकून झोपायचं असतं, त्यांच्या बोलण्यात हमखास दोन नावं येतात: लडाखमधली झंस्कार आणि अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनमधून वाहणारी कोलोराडो. खर्चाचा आणि रजेचा हिशेब प्रत्येक जण करतोच. मी त्याआधी एक विचारते: नदीला पाणी कुठून येतं?

कुंडलिकेचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं, ते सुटलं की नदी भरते आणि राफ्ट निघतात. कोलोराडोचंही तसंच. वरच्या ग्लेन कॅन्यन धरणात 1963 मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली, आणि तेव्हापासून दरीतलं पाणी विजेच्या मागणीप्रमाणे रोज चढतं-उतरतं. संध्याकाळी पाण्यात बांधलेला राफ्ट सकाळी वाळूवर बसलेला दिसू शकतो. एरवी हा विसर्ग 25 हजार क्युसेकच्या आत ठेवतात. खडकवासल्यातून एवढं पाणी सोडलं तर भिडे पूल पाण्याखाली जातो, त्यावरून अंदाज यावा. धरणाच्या खोलातून आलेलं हे पाणी उन्हाळ्यातही गार, आणि वरची हवा मात्र 40 अंशांच्या पुढे.

झंस्कारला असा नळ नाही. पदुम गावाजवळ स्तोद आणि त्सारप या दोन नद्या एकत्र येऊन ती बनते, आणि पाणी येतं ते हिमनद्या व बर्फ वितळून. दुपारी ऊन तापलं की संध्याकाळपर्यंत नदी वाढते, म्हणून गाइड सकाळी लवकर निघायचा आग्रह धरतात. तो ऐकावा. 2014 च्या अखेरीस त्सारपच्या वरच्या अंगाला दरड कोसळून मोठा तलाव साठला आणि 2015 च्या मे महिन्यात फुटला. कुणी सोडलेलं नसलेलं पाणी असं वागू शकतं.

यातूनच हंगाम ठरतो. झंस्कारला जायचं तर जुलै-ऑगस्ट, म्हणजे मुलांची शाळा बुडणार. मे महिन्याची सुट्टीच हातात असेल तर कोलोराडो सोयीची. तिथल्या मोटरच्या मोठ्या राफ्टना 1 एप्रिल ते 15 सप्टेंबरपर्यंत परवानगी असते.

लाटांची तुलना करताना एक गल्लत हमखास होते. झंस्कारचे रॅपिड, म्हणजे खडकांवरून उसळत वेगाने वाहणाऱ्या पाण्याचे टप्पे, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे, कारण तिथे सहा श्रेणींची पट्टी वापरतात. ग्रँड कॅन्यनची पट्टी वेगळी, 1 ते 10. तिथला आठ म्हणजे झंस्कारच्या चारच्या दुप्पट नव्हे. कोलोराडोचे बरेच रॅपिड बाजूच्या ओढ्यांनी पुरात आणून टाकलेल्या धोंड्यांमुळे तयार झालेत. क्रिस्टल रॅपिड तर 1966 च्या एका पुराने अवघड करून ठेवला.

माझ्या लेखी खरा फरक उंचीत आहे. लेह 3,500 मीटरवर, म्हणजे सिंहगडाच्या अडीच पटींहून उंच. आमच्या सहलीवाल्यांनी विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवलं, आणि माझी मैत्रीण पदुमला दोन दिवस डोकेदुखी आणि उलट्यांनी आडवी. ती नदीत उतरलीच नाही. लेहमध्ये निदान दोन पूर्ण दिवस विश्रांती लिहून दिलेली नसेल, तर पैसे भरू नका. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आई-बाबांना सोबत न्यायचं असेल तर, खर्च कितीही वाटला तरी, मी मोटरच्या राफ्टवरची कोलोराडोच सुचवेन.

एकांताच्या बाबतीत पारडं कोलोराडोकडे झुकतं. राफ्ट जिथून सुटतात त्या लीज फेरीपासून खालच्या डायमंड क्रीकपर्यंत, साधारण 360 किलोमीटर, पाण्यापर्यंत येणारा गाडीरस्ता नाही. झंस्कारच्या दरीतून आता निम्मू-पदुम रस्ता जातो. जुन्या लोकांना ते खुपतं, मला मात्र अडचणीत मदत पोचते हे मोलाचं वाटतं. आणि कडे! सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, आणि ग्रँड कॅन्यनच्या तळाशी तुम्ही सुमारे 170 कोटी वर्षांच्या काळ्या खडकाला हात लावता. मला विचाराल तर हा एक स्पर्श एवढ्या लांबच्या प्रवासाला पुरेसं कारण आहे.

स्वतःची टोळी घेऊन कोलोराडोत उतरायचं तर परवाना सोडतीने मिळतो. पुण्याहून जाणाऱ्याने परवानाधारक कंपनीची सहल वर्षभर आधी धरावी. खर्च हजारो डॉलरमध्ये जातो, व्हिसा वेगळा.

पहिलीच वाळवंटी नदी असेल, तब्येत धडधाकट असेल आणि दहा दिवस काढता येत असतील, तर मी झंस्कारच सांगेन. त्याआधी एका रविवारी कोलाडला जा. शेवटच्या संथ पाण्यात लाइफ जॅकेट घालून मुद्दाम पाण्यात उतरा आणि राफ्टच्या दोरीला धरून स्वतः वर चढायचा प्रयत्न करा. झंस्कारच्या पाण्यात बोटं काही मिनिटांतच बधिर होतात, तिथे ही सवय उपयोगी पडते.