आयआरएतून थेट दान: दोन वर्षं वापरल्यावर

अमेरिकेतल्या आयआरएतून, म्हणजे स्वतःच्या नावावरच्या निवृत्ती-खात्यातून, पैसे थेट धर्मादाय संस्थेला देण्याच्या सोयीला पाचपैकी चार तारे. कापलेला तारा खातं सांभाळणाऱ्या कंपनीच्या कारभाराचा आहे, सोयीचा नव्हे. कंपनीचं नाव देत नाही. ही सोय इथल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे असते आणि तुमचं खातं कुठेही असलं तरी खाली लिहिलेलं उपयोगी पडेल.

मी मूळची मिरजेची. ह्यूस्टनमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीचे पैसे आधी हॉस्पिटलच्या ४०३-बी खात्यात होते, नंतर ते आयआरएत वळवले. हे वळवणं फार कामाचं ठरलं, कारण ४०१-के किंवा ४०३-बी अशा नोकरीतल्या निवृत्ती-खात्यांतून असं दान करता येत नाही. त्याला आयआरएच लागतो.

मार्च २०२४ मध्ये मला ७३ पूर्ण झाली आणि आरएमडी सुरू झाली. म्हणजे दरवर्षी ठरलेली रक्कम खात्यातून काढायचीच. मागच्या ३१ डिसेंबरची शिल्लक घ्यायची आणि आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, तक्त्यातल्या आकड्याने भागायची. ७४ व्या वर्षी तो आकडा २५.५ आहे. २०२५ साठी माझी शिल्लक ३,८२,५०० डॉलर होती, त्यामुळे १५,००० काढावे लागले. ते सगळं उत्पन्न म्हणून धरलं जातं. मला तेवढे पैसे लागत नव्हते.

दान मी आधीपासून करते. २०१७ च्या हार्वी वादळानंतर आमच्या गल्लीतल्या बायका ह्यूस्टन फूड बँक या अन्नदान करणाऱ्या संस्थेत डबे भरायला जात होत्या, मीही त्यांच्याबरोबर गेले. तेव्हापासून दर वर्षी त्या संस्थेला चेक देते. पण मी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्चाचा हिशेब न देता मिळणारी सरसकट वजावट, घेते. २०२५ साठी ते माझ्या वयाच्या एकट्या माणसाला १७,७५० डॉलर होतं. माझ्या वजावटी त्याच्या जवळपासही जात नाहीत, त्यामुळे बँकेतून दिलेल्या चेकचा करात काहीच फायदा होत नव्हता. आयआरएतून पैसे थेट संस्थेकडे गेले की ते उत्पन्नात धरलेच जात नाहीत आणि आरएमडीतूनही वजा होतात. गेल्या वर्षी मी ६,००० दिले, फूड बँकेला चार आणि महाराष्ट्र फाउंडेशनला दोन. माझ्या कराचा शेवटचा टप्पा २२ टक्क्यांचा आहे. १,३२० डॉलर कर वाचला. शिवाय उत्पन्नाचा आकडा खाली राहिला की सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, किती भाग करपात्र ठरतो त्यावर आणि दोन वर्षांनंतरच्या मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, हप्त्यावरही परिणाम होतो. माझ्या एका मैत्रिणीचं उत्पन्न मेडिकेअरच्या मर्यादेपेक्षा थोडंसंच वर गेलं आणि २०२५ मध्ये तिला महिन्याला १८५ ऐवजी २५९ डॉलर भरावे लागले. तीही दान करत होती, पण बँकेतून.

मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही सोय ७३ ची वाट बघत नाही, साडेसत्तरीलाच मिळते. २०२१ च्या सप्टेंबरपासून मी हे करू शकले असते. तीन वर्षं मला कुणी सांगितलं नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. अर्ज चार पानी आहे आणि संस्थेचा कर-क्रमांक आपणच शोधून भरायचा. तो आयआरएसच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावाने सापडतो, तेवढं ठीक. पण कंपनीने पहिल्या वर्षी जो चेक पाठवला त्यावर माझं नावच नव्हतं. संस्थेला कळेना पैसे कुणाचे. पावती येईना म्हणून मी पाच आठवड्यांनी संस्थेला फोन केला, तेव्हा त्यांनी चेक शोधून काढला. त्या पावतीशिवाय करमाफी टिकत नाही. आता मी चेक माझ्याच पत्त्यावर मागवते. चेक संस्थेच्या नावाचा असला की तो आपल्या हातून गेला तरी चालतो. सोबत माझं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी जोडते आणि रजिस्टर्ड टपालाने पाठवते.

दुसरा घोळ कर भरताना झाला. कंपनीकडून जानेवारीत येणाऱ्या १०९९-आर फॉर्मवर काढलेली सगळी रक्कम करपात्र दिसत होती, दानाचा कुठे उल्लेखच नाही. माझा कर भरणाऱ्याने ती तशीच उतरवली. सही करण्याआधी मी आकडे ताडून पाहिले म्हणून पहिल्या वर्षी दिलेल्या ५,००० वरचे १,१०० डॉलर वाचले. कर भरणाऱ्याला पावत्या देताना तोंडीही सांगा आणि १०४० या करविवरणपत्राच्या ४-बी ओळीत दान वगळलंय का, ते स्वतः बघा.

महिनाही महत्त्वाचा. वर्षात आधी काढलेले पैसे आरएमडीत आधी मोजले जातात. सगळी आरएमडी जूनमध्ये स्वतःच्या बँकेत घेतली आणि डिसेंबरमध्ये दान केलं, तर जूनच्या पैशांवरचा कर परत येत नाही. मी जानेवारीतच अर्ज टाकते.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी. मला मिरजेजवळच्या माझ्या शाळेला द्यायचं होतं. ते थेट जमत नाही, संस्था इथल्या कायद्याने पात्र असावी लागते. म्हणूनच महाराष्ट्र फाउंडेशन निवडलं. ते अमेरिकेत नोंदलेलं आहे आणि महाराष्ट्रातल्या संस्थांना मदत करतं. दुसरं, मोबदल्यात काहीही घ्यायचं नाही. देणगीबरोबर जेवणाची कुपनं किंवा कार्यक्रमाची पुढच्या रांगेतली खुर्ची मिळत असेल, तर त्या देणगीसाठी आयआरए वापरू नका, बँकेतून द्या. डोनर-ॲडव्हाइज्ड फंडातही, म्हणजे आधी पैसे टाकून संस्था नंतर सुचवायच्या दान-खात्यातही, हे पैसे टाकता येत नाहीत.

२०२६ साठी अशा दानाची माणशी मर्यादा १,११,००० डॉलर आहे. मला तिच्या जवळपासही जायचं नाही. यंदाचे दोन्ही चेक गेल्या मंगळवारी घरी आले. देणाऱ्याच्या नावाची जागा अजून कोरीच आहे. मी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या, त्या जोडून पोस्टात टाकल्या. कंपनीलाही पत्र लिहिलंय, की चेकवर नाव छापा.