डेव्हटूल्स आणि यूजदिस: नक्षत्रांच्या पावसाचे पहिले आर पॅकेज बांधताना

परभणी जिल्ह्यातील पावसाच्या नोंदींची आकडेमोड मी गेली काही वर्षे आर या सांख्यिकी संगणकभाषेत करीत आलो आहे; परंतु त्यासाठी लिहिलेली फंक्शन्स कधी एका जागी नांदली नाहीत. 'पाऊस_अंतिम' नावाची एक फाइल होती, तिची पुढे 'पाऊस_अंतिम_२' झाली आणि शेवटी 'पाऊस_अंतिम_नवीन_हीच_वापरा'. पेनड्राइव्हवरून ती हिंगोली आणि नांदेडच्या सहकाऱ्यांकडे जात असे आणि ज्याच्या हाती पडेल त्याच्याकडे थोडी थोडी बदलत असे. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडलेला दिवस हा पावसाचा दिवस धरला जातो. एका प्रतीत कोणाच्या तरी हातून बरोबरीचे चिन्ह गळाले होते आणि त्यामुळे एकाच तालुक्याचे पावसाचे दिवस दोन तक्त्यांत वेगवेगळे छापले गेले. ते निस्तरल्यानंतर मी या सर्व फंक्शन्सचे रीतसर पॅकेज, म्हणजे फंक्शन्स आणि त्यांची वर्णने एकत्र बांधलेला संच, करण्याचे ठरवले आणि त्यासाठी डेव्हटूल्स व यूजदिस ही पॅकेज बांधायला मदत करणारी जोडी घेतली. दोन्ही साधने विनामूल्य आहेत. यूजदिस हे मुळात डेव्हटूल्सचेच अंग होते, २०१८ च्या सुमारास ते वेगळे झाले. त्यामुळे डेव्हटूल्स उघडले की यूजदिस आपोआप सोबत येते.

आरमध्ये पॅकेज.स्केलेटन नावाची जुनी सोय आधीपासूनच आहे. मी प्रथम तिच्याच वाटेला गेलो होतो. ती एका आज्ञेत सांगाडा उभा करते, पण मदत-पृष्ठांच्या अर्धवट भरलेल्या फाइली समोर टाकते आणि त्या लाटेकसारख्या खुणांच्या भाषेत हाताने पुऱ्या करायला लावते. फंक्शन एका फाइलीत आणि त्याचे वर्णन दुसरीत, अशी ताटातूट झाली की एक बदलते आणि दुसरे जुनेच राहते. आमचा मूळ आजार नेमका हाच होता, म्हणून ती वाट मी सोडली.

यूजदिसमधील क्रिएट_पॅकेज ही आज्ञा दिली की डिस्क्रिप्शन आणि नेमस्पेस या दोन फाइली व फंक्शन्ससाठी एक फोल्डर क्षणात तयार होते. नावाच्या बाबतीत मात्र ते काटेकोर आहे. मी नावातील दोन शब्द अधोरेषेने जोडले होते, ते त्याने नाकारले. रोमन अक्षरे, अंक आणि टिंब एवढेच चालते, सुरुवात अक्षरानेच हवी आणि शेवटी टिंब नको. आवृत्तीचा क्रमांक ०.०.०.९००० असा विचित्र मिळतो, तो पाहून गोंधळू नये. पॅकेज अजून घडणीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. परवाना निवडण्याची आठवण डिस्क्रिप्शन फाइलीतच लिहिलेली असते आणि एका आज्ञेत ते काम उरकते. इथवरचा प्रवास सुखाचा आहे, आणि या साधनांचे कौतुक बहुतेक जण इथेच थांबवतात. माझ्या मते त्यांची खरी किंमत यापुढे कळते.

माझ्या पॅकेजातील मुख्य फंक्शन दिनांक घेऊन त्या दिवशी पावसाचे कोणते नक्षत्र चालू होते ते सांगते. आमच्याकडे शेतकरी जून-जुलैच्या हिशोबाने बोलत नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रात वाफसा झाला, हस्ताने काढणीला आलेले सोयाबीन भिजवले, अशीच त्याची भाषा असते, आणि तालुक्याचा अहवाल त्याच भाषेत दिला तर तो वाचला जातो. रॉक्सिजन२ या तिसऱ्या साधनामुळे फंक्शनचे वर्णन त्याच्या डोक्यावरच टिप्पणीच्या रूपात लिहिता येते आणि डॉक्युमेंट ही आज्ञा दिली की त्यातून मदत-पृष्ठ तयार होते. त्यात प्रत्येक निविष्टीसाठी, म्हणजे फंक्शनला पुरवायच्या प्रत्येक माहितीसाठी, एक ओळ लिहावी लागते. 'दिनांक' या निविष्टीसमोर काय लिहावे, यावर मी अर्धा तास अडलो. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लावला जातो. म्हणजे ७ जूनच्या दुपारी कोसळलेली सर कागदावर ८ जूनची होते. मग माझे फंक्शन जो दिनांक मागते तो नोंदीचा की पाऊस पडल्याचा? इतकी वर्षे हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण ती ओळ लिहिण्याची सक्ती कोणी केली नव्हती. शेवटी फंक्शनला एक जादा निविष्टी द्यावी लागली आणि जुने काही तक्ते पुन्हा काढावे लागले.

चाचण्यांसाठी टेस्टदॅट आहे, आणि तेही यूजदिसमधूनच जोडता येते. मृग नक्षत्र कधी ७ जूनला लागते तर कधी ८ जूनला. मी मात्र आळसाने ७ जून ही तारीख कायमची बसवून टाकली होती. निरनिराळ्या वर्षांची पंचांगे समोर घेऊन सीमेवरच्या दिवसांच्या चाचण्या लिहिल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक नापास झाल्या. त्यानंतर तारखा कोडमधून काढून वर्षवार तक्त्यात ठेवल्या. चाचणी नापास झाली की अपेक्षित काय होते आणि मिळाले काय, हे दोन्ही समोर दिसते. त्यामुळे चूक शोधण्यात वेळ जात नाही.

आता तक्रारीकडे वळतो. लोड_ऑल ही आज्ञा या जोडीतील सर्वांत सोयीची आणि नवख्यासाठी सर्वांत फसवीही आहे. फंक्शनमध्ये बदल केला की आरस्टुडिओ या आरच्या संपादकात कंट्रोल, शिफ्ट आणि एल या कळा एकत्र दाबाव्यात, नवे रूप लगेच वापरता येते. पॅकेज पुन्हा पुन्हा बसवावे लागत नाही. पण ही आज्ञा मुळातच सगळी फंक्शन्स उघडी करून दाखवते, मग ती बाहेरच्यांसाठी खुली केलेली असोत वा नसोत. मी वर्णनात एक्स्पोर्टची, म्हणजे फंक्शन बाहेरच्यांसाठी खुले करणारी, खूण घालायला विसरलो होतो. माझ्या संगणकावर सर्व सुरळीत, चाचण्याही उत्तीर्ण, कारण त्या पॅकेजच्या आतूनच चालतात. दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून फोन आला, "सर, पॅकेज तर बसलं, पण नक्षत्र टाकलं की असं फंक्शनच सापडत नाही म्हणायलंय." मदत-पृष्ठात एखादे उदाहरण लिहिलेले असते तर तपासणीच्या वेळी ते बाहेरून चालवले गेले असते आणि चूक घरीच सापडली असती. तेव्हापासून उदाहरणाशिवाय मी एकही फंक्शन ठेवलेले नाही.

ही तपासणी म्हणजे चेक आज्ञा. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकतात आणि अखेरीस त्रुटी, इशारे आणि टिपा यांची संख्या येते. पहिल्या दिवशी माझ्या पदरात एक त्रुटी, तीन इशारे आणि चार टिपा पडल्या. फंक्शनच्या आत लायब्ररी ही दुसरे पॅकेज उघडणारी आज्ञा लिहिण्याची सवय सोडावी लागली; दुसऱ्या पॅकेजातील फंक्शन हवे असेल तर डिस्क्रिप्शन फाइलीत त्याची नोंद करून, त्या पॅकेजच्या नावापुढे दोनदा अपूर्णविराम (::) टाकून ते बोलवावे लागते. स्तंभांची नावे अवतरणाशिवाय लिहिल्यास 'असे चल (व्हेरिएबल) कुठे दिसत नाही' या अर्थाची टीप येते, ती प्रथमदर्शनी चुकीची वाटते, पण उपाय सोपा आहे. हे सर्व संदेश इंग्रजीत आणि काहीसे त्रोटक असतात. ज्याचा इंग्रजीचा हात बेताचा आहे, त्याने पहिल्या दोन तपासण्या कोणा जाणकाराजवळ बसून कराव्यात.

मराठीत काम करणाऱ्याला सर्वांत मोठा अडथळा येतो तो लिपीचा. माझे फंक्शन 'मृग', 'आर्द्रा', 'पुनर्वसू' अशी नावे परत देते आणि ती नावे कोडमध्ये सरळ देवनागरीत लिहिली होती. तपासणीने इशारा दिला की सर्वत्र चालावे अशा पॅकेजच्या कोडमध्ये केवळ मूळ इंग्रजी संचातील अक्षरे असावीत. टिप्पण्यांत मात्र सवलत आहे. म्हणून 'मृग' या शब्दासाठी म, ऋकाराची खूण आणि ग यांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे ०९२ई, ०९४३ आणि ०९१७, एकापुढे एक लिहावे लागले. पावसाची सगळी नक्षत्रे आणि जिल्ह्यातील नऊ तालुके अशा आकड्यांत मांडल्यावर तो कोड माझा मलाच वाचता येईना. रोमन नोंदींत दोन-दोन तऱ्हांनी येणारे सेलूचे नाव एकच करण्याची ओळ तर मी आता केवळ शेजारच्या टिप्पणीवरून ओळखतो. नावे तक्त्यात ठेवली तर इशाऱ्याऐवजी साधी टीप येते, तोच मार्ग मला बरा वाटला. यात दोष या दोन साधनांचा नाही, नियम आरचाच आहे. पण यूजदिस इतर बाबतींत बोट धरून चालवते, तर इथे निदान वाट दाखवणारी एखादी आज्ञा असायला हवी होती.

विंडोजवर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. आरच्या ४.२.० या २०२२ मधील आवृत्तीपासून विंडोज १० च्या नव्या रूपांवर युनिकोड मुळातून चालते. त्याआधीच्या आवृत्तीत माझ्या तक्त्यातील 'आर्द्रा' कोनी कंसांतल्या आकड्यांच्या माळेसारखी दिसत होती, आणि कार्यालयांतून जुने संगणक अजूनही पुष्कळ आहेत. पॅकेज बांधताना आरटूल्स हा विंडोजवरील जोडसंच नसल्याचा इशारा येतो, त्याने घाबरू नये. सी किंवा सी++ भाषेतील कोड नसेल तर त्यावाचून काही अडत नाही. डेव्हटूल्स स्वतः मात्र आपल्यासोबत डझनावारी इतर पॅकेजेस उतरवून घेते, तेव्हा वीज आणि इंटरनेट दोन्ही शाबूत असतील अशी वेळ धरावी.

पॅकेज क्रॅन या मध्यवर्ती भांडारात पाठवायचे का, असे मला विचारले जाते. तिथे वीस हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत आणि तपासणी माणसेही करतात. तीन जिल्ह्यांतील पाच-सहा जणांपुरत्या कामासाठी मला त्याची गरज वाटली नाही. बिल्ड आज्ञेतून दाबून लहान केलेली एकच फाइल मिळते, तीच मी पाठवतो आणि सोबत आवृत्तीचा क्रमांक कळवतो. सध्या ०.२.१ चालू आहे. परवा नांदेडहून आकडे जुळत नसल्याची विचारणा आली, तेव्हा मी प्रथम क्रमांक विचारला. तिकडे अजून ०.१.० होती.